खाणीला शेत देण्यापूर्वी

गेल्या सुगीनंतरची गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपल्यावर चितापूर तालुक्यातले आमचे एक शेतकरी बांधव घडी केलेला स्टँप पेपर घेऊन आले. त्यांच्या हलक्या चार एकरांखाली फरशीचा दगड आहे. एक ठेकेदार ती जमीन दहा वर्षांसाठी मागतो, रोख रक्कम एकदम देतो, आणि मुलीचे लग्न तोंडावर आलेले. कागद कानडीत होता. आपल्यापैकी पुष्कळांना कानडी बोलता येते, पण वाचता येत नाही, तेव्हा त्यांनी विचारले, "फादर, सही करू का नको, तेवढे सांगा."

आम्ही कागद वाचला. पैसे किती व कधी, हे त्यात चोख लिहिले होते. खड्डा किती खोल जाणार, वरची माती कोठे ठेवणार, शेजारच्या विहिरीचे काय, आणि दहा वर्षांनंतर जमीन कोणत्या स्थितीत परत मिळणार, याविषयी मात्र एक ओळही नव्हती. आम्ही काही वकील नव्हे. आठ दिवसांची मुदत मागून घेतली, जाणत्यांना विचारले, नियम चाळले. जे हाती लागले ते येथे मांडतो, कारण हा प्रश्न एका घरापुरता नाही.

शहाबादी फरशी ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. स्वयंपाकाचा ओटा, ओसरी, न्हाणीघर, देवळाचे व चर्चचे अंगण, सगळीकडे ती पसरलेली. पुण्यामुंबईकडच्या चाळींत वाढलेल्यांना हे शहाबाद कोठे आहे याचा पत्ता नसतो. ते आपल्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. भीमेच्या खोऱ्यात हा चुनखडीचा दगड पाटांवर पाट रचावेत तसा थराथरांनी बसलेला आहे. पहारीने उचकटला की सपाट निघतो. जेथे थर जाड आहेत तेथे तोच दगड सिमेंटच्या भट्टीत जातो. वाडीचा कारखाना १९६८ साली उभा राहिला, पुढे मळखेड व सेडम येथेही उभे राहिले.

मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. कागिणा नदीकाठी जुन्या किल्ल्याचे अवशेष अजून आहेत, आणि त्याच परिसरात आज सिमेंटच्या चिमण्या दिसतात. सन्नतीजवळ कनगनहळ्ळीला जो बौद्ध स्तूप सापडला तोही याच चुनखडीच्या शिळांचा. त्यातल्या एका शिळेवर सम्राट अशोकाची आकृती व त्याचे नाव कोरलेले आहे. म्हणजे दोन हजार वर्षे माणसे हा दगड काढीत आली आहेत. फरक वेगाचा आहे. छिन्नीने जे पिढ्यान् पिढ्या चालले ते सुरुंग आणि पोकलेन एका हंगामात उरकतात.

आता दगडाच्या वर काय आहे ते पाहू. कलबुर्गी जिल्हा तुरीचे कोठार म्हणून ओळखला जातो, आणि २०१९ साली 'गुलबर्गा तूर डाळ' या नावाने तिला भौगोलिक मानांकन मिळाले. येथल्या मातीतल्या कॅल्शियम व पोटॅशमुळे डाळीला चव येते, असे म्हणतात. तो कॅल्शियम आला कोठून? खालच्या चुनखडीतून. एकाच दगडावर वरून तूर जगते आणि खालून कारखाना. तूर दर वर्षी परत येते, दगड एकदाच निघतो. हा हिशोब शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही, तरी स्टँप पेपरसमोर बसल्यावर तो नेमका विसरला जातो.

बिदर, भालकी, बसवकल्याणकडच्या वाचकांना वाटेल, आमच्याकडे चुनखडी नाही, आम्हांला काय त्याचे! तुमच्याकडे काळ्या दगडाची खडी आहे, मुरूम आहे आणि बिदरच्या पठारावर जांभा आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यात मुरते, खालच्या कठीण काळ्या दगडावर अडते आणि पठाराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. नानक झिरा व नरसिंह झिरा यांचे पाणी असेच येते. बहामनी काळात नौबादला जमिनीखालून बोगदा खणून पाणी आणले, त्या कारेझची युक्तीही हीच. जांभ्याचा थर म्हणजे त्या पठाराची पाण्याची टाकी आहे. चिरे कापून नेणारा टाकीची भिंतच कापून नेतो, आणि खालच्या वाडीतली विहीर आटली की लोक पावसाला दोष देतात.

खाणी नकोतच, असे आमचे म्हणणे नाही. आमच्या धर्मग्रामातली कितीतरी घरे खाणीच्या व कारखान्याच्या मजुरीवर उभी आहेत, आणि ज्या सभागृहात आपण जमतो त्याची फरशी शहाबादचीच आहे. 'शाश्वत विकास' हा शब्द हल्ली प्रत्येक भाषणात येतो. आम्ही त्याचा अर्थ साधा घेतो: दगड गेल्यावर गावात काय उरले? हे कारखान्याच्या सद्भावनेवर फारसे अवलंबून नसते. नियम काय आहेत, आणि ते कोण पाळायला लावतो, यावर असते.

शेताचा पृष्ठभाग तुमचा, पण खालच्या खनिजावर आपल्या राज्यात सामान्यतः सरकारचा हक्क चालतो. कारखाना दगड काढतो त्याबद्दल तो राज्याला स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, देतो. सिमेंटच्या चुनखडीसाठी २०१४ च्या दरपत्रकात टनाला ८० रुपये धरले आहेत. २०१५ साली केंद्राने खाण कायदा बदलला आणि प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापण्याचे ठरविले. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांच्या धारकाने रॉयल्टीच्या ३० टक्के, आणि लिलावाने पट्टा घेतलेल्याने १० टक्के जादा रक्कम या निधीत भरायची.

हे आकडे पोत्यात मोजून पाहू. साध्या सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्याला सुमारे ७० किलो चुनखडी लागते. तिची रॉयल्टी साडेपाच रुपयांच्या आसपास. जुना पट्टा असेल तर त्यावर जिल्ह्याच्या निधीत सुमारे १ रुपया ६८ पैसे येतात. लिलावातला पट्टा असेल तर अवघे ५६ पैसे. लिलावात राज्य सरकारला वेगळा अधिमूल्य मिळतो हे खरे, पण तो बंगळुरूच्या तिजोरीत जातो. सिमेंट कारखान्यांसारख्यांनी स्वतःच्या वापरासाठी धरलेल्या जुन्या पट्ट्यांना कायद्याने ३१ मार्च २०३० पर्यंत, किंवा मूळ मंजुरीपासून ५० वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांत जे नंतर येईल तोवर, मुदत दिली आहे. त्यानंतर ते लिलावात निघाले की राज्याची मिळकत वाढेल आणि धूळ खाणाऱ्या गावाचा वाटा तीनातला एक उरेल. आम्हांला हे उफराटे वाटते, आणि आपल्या आमदार-खासदारांना ते आताच विचारायला हवे.

पोत्यामागे पावणेदोन रुपये ऐकायला किरकोळ वाटतात, पण कारखान्यातून रोज किती पोती बाहेर पडतात ते मालगाड्या मोजणाऱ्या वाडीच्या पोरांना विचारा. हा पैसा कशावर खर्चायचा तेही ठरलेले आहे. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, महिला व बालके, वृद्ध व अपंग ही प्राधान्याची कामे. २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत किमान ६० टक्के निधी त्यांच्यासाठी राखला होता; २०२४ च्या सुधारित सूचनांनी हा वाटा ७० टक्के केला, आणि खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचा भाग प्रत्यक्ष बाधित, २५ किलोमीटरपर्यंतचा अप्रत्यक्ष बाधित असे अंतरही घालून दिले. राज्याच्या तिजोरीत हा निधी वळवू नये, असा केंद्राचा २०२१ चा आदेश आहे.

मग पैसा आपल्या वाडीपर्यंत का पोहोचत नाही? एक कारण असे की जिल्ह्याचा आराखडा डीसी ऑफिसात ठरतो. पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रांत ग्रामसभेच्या मंजुरीला मोठे वजन आहे. आपले जिल्हे त्या अनुसूचीत नाहीत, त्यामुळे कोणी आपली मंजुरी मागायला दारी येत नाही. तेथे मागणी आपणच न्यावी लागते. ग्रामसभेत ठराव करून घ्यावा, "आमचे गाव अमुक खाणीपासून इतक्या किलोमीटरवर आहे, आम्हांला शुद्ध पाण्याची सोय हवी" असे नेमके लिहावे, पीडीओकडून पोच घ्यावी आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी. कोठे किती खर्च झाला हे माहितीच्या अधिकारात मागता येते. 'विकास करावा' असा ठराव मात्र करू नये. त्यातून रस्त्यावरच्या कमानीच उभ्या राहतात.

आता खड्ड्याविषयी. मोठ्या खाणींना खाण बंद करण्याचा आराखडा आधीच मंजूर करून घ्यावा लागतो. वरची सुपीक माती वेगळी रचून ठेवणे व नंतर ती जमीन सुधारण्यासाठी वापरणे हेही नियमात आहे. मालकाने हे करावे म्हणून त्याच्याकडून आर्थिक हमी घेतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर यांत्रिक खाणींसाठी ती हेक्टरी ५ लाख रुपये आहे. ऐकायला मोठी रक्कम. पण समजा खड्डा २० मीटर खोल आहे. एका हेक्टरात दोन लाख घनमीटरांचा खड्डा झाला. पाच लाखांना दोन लाखांनी भागा: घनमीटरला अडीच रुपये, म्हणजे ब्रासला सुमारे सात रुपये. सात रुपयांत ब्रासभर मुरूम कोण टाकून देतो, ते आम्हांला दाखवावे! हमी म्हणजे भरावाचा पूर्ण खर्च नव्हे, हे आम्ही जाणतो. काही खड्डे पाणीसाठा म्हणून ठेवता येतात, तेही ठीक. पण काम न करता हमी बुडू देणे ज्याला स्वस्त पडते, त्याला ती हमी बांधून कशी ठेवणार? फरशी, खडी, मुरूम ही गौण खनिजे. त्यांचे नियम राज्य करते, कर्नाटकाचे नियम १९९४ चे आहेत. तेथे खाणी लहान, मालक पुष्कळ, आणि देखरेख करणारी माणसे थोडी. शहाबाद-वाडीच्या रेल्वेमार्गालगत टाकाऊ दगडांचे जे ढिगारे दिसतात ते कोणाच्या हिशोबात आहेत, हे सांगणे कठीण.

कारखाना बंद पडला तर काय होते, हे पाहायला दूर जायला नको. सेडम तालुक्यात कुरकुंट्याला सरकारी सिमेंट महामंडळाचा कारखाना होता. १९९० च्या दशकाअखेर तो बंद झाला. ज्यांनी जमिनी देऊन नोकऱ्या धरल्या होत्या, त्यांच्याकडे नंतर दोन्ही उरले नाही.

नियम असून ते पाळले नाहीत की काय होते, याचा धडा आपल्याच राज्यात बळ्ळारीने दिला. तेथल्या लोहखनिजाच्या लुटीवर लोकायुक्त संतोष हेगडे यांचा अहवाल जुलै २०११ मध्ये आला, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारीतल्या खाणी थांबविल्या. पुढे २०१३ साली कमी-अधिक उल्लंघनाप्रमाणे खाणींचे तीन वर्ग पाडले आणि सर्वांत दोषी वर्गाचे पट्टे रद्द केले. गोव्यातही तेच. डिचोली, सत्तरी, सांगे भागांत ढिगाऱ्यांवरची माती पावसात वाहून भातशेतीत येत असे. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००७ नंतरचे खाणकाम बेकायदा ठरविले, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विकलेल्या खनिजाच्या किमतीतले १० टक्के कायमच्या निधीत टाकावे, असे सांगितले. खनिज संपल्यावर जन्मणाऱ्या मुलांचाही त्यात वाटा असावा, ही त्यामागची दृष्टी. पुन्हा २०१८ मध्ये ८८ पट्टे रद्द झाले, तेव्हा सर्वांत आधी घरी बसले ते ट्रकवाले व मजूर. उशिरा आलेला न्याय असा गरिबाच्या पाठीवरून जातो. म्हणून नियम पहिल्या दिवसापासून पाळले जावेत, यात मजुराचाही स्वार्थ आहे.

आता त्या बांधवांना आम्ही जे सांगितले ते. प्रथम, ठेकेदाराकडे खाण व भूविज्ञान खात्याचा परवाना आणि पर्यावरण मंजुरी आहे का? पाच हेक्टरांहून लहान खाणीलाही पर्यावरण मंजुरी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी स्पष्ट केले आहे. परवाना नसेल तर चौकशीची पहिली नोटीस ज्याचे नाव पहाणीवर आहे त्याच्या घरी येण्याचा संभव असतो. दुसरे, कागदाचा मराठीत अर्थ समजून घेतल्याशिवाय अंगठा किंवा सही नाही, मग समोरचा कितीही घाई करो. खोली, माती, विहिरीपासूनचे अंतर, सुरुंगाची वेळ आणि शेवटी जमीन सपाट करून देणे, हे सारे कागदावर यावे. तोंडी शब्द दगडाबरोबर ट्रकमध्ये जातो.

तिसरी गोष्ट बिनखर्चाची असून तीच कोणी करीत नाही. खाण सुरू होण्याआधीपासून आपल्या विहिरीची पातळी मोजून लिहून ठेवावी. दोरीला दगड बांधावा, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काठापासून पाण्यापर्यंत किती हात ते वहीत तारखेसह टिपावे, मोबाईलवर फोटो घ्यावा, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. खाणीतून पाणी उपसू लागले की भोवतालच्या विहिरी खाली जातात. तेव्हा आधीची नोंद नसेल तर "तुमची विहीर पहिल्यापासून अशीच" हे उत्तर तयार असते. घराच्या भिंतींचेही फोटो सुरुंगाआधी घ्यावेत.

चौथी, पिकाच्या पावत्या जपाव्यात. मोठ्या खनिजांच्या पट्ट्यात शेतजमीन गेली तर वार्षिक भरपाई तशाच जमिनीच्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ उत्पन्नावरून काढतात. बाजार समितीची पट्टी हाच तुमचा पुरावा. तूर दलालाला तोंडी घातली असेल तर तीन वर्षांचे उत्पन्न सिद्ध कशाने करणार?

मोठी खाण किंवा तिचा विस्तार येणार असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होते. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना येते, अहवालाचा सारांश ग्रामपंचायतीत ठेवतात, स्थानिक भाषेतही. येथली ती भाषा कानडी. तेव्हा गावातल्या शिकलेल्या पोरांनी तो मोठ्याने वाचून मराठीत सांगावा. सुनावणीचे चित्रीकरण होते, आपले बोलणे नोंदले जाते, लेखी हरकतही देता येते. मांडवातल्या जेवणाला गर्दी आणि माईकसमोर कोणी नाही, असे आपल्याकडे घडते.

थोडे आरोग्याविषयी. वालुकाश्म, ग्रॅनाईट यांसारख्या दगडांच्या बारीक धुळीतल्या सिलिकामुळे फुप्फुसे कायमची कडक होतात. त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा होत नाही. चुनखडीत सिलिका कमी, पण धूळ ती धूळच; जुनाट खोकला, दमा वाढतो. भोक पाडताना पाणी मारले तर धूळ बरीच खाली बसते. तोंडाला बांधलेला पंचा बारीक धूळ अडवीत नाही, चांगला मास्क मागून घ्यावा. खोकला लांबला तर टी. बी.ची तपासणी करावीच, पण डॉक्टरांना "मी खाणीत काम करतो" हे आपणहून सांगावे, म्हणजे एक्स-रे त्या नजरेने पाहिला जाईल. खाणकामगाराची तपासणी मालकाच्या खर्चाने व्हावी, ही तरतूद १९५५ च्या खाण नियमांत आहे, आणि २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेतही मोफत तपासणी आहे. ओले सिमेंट कातडीला भाजते. लगेच भरपूर पाण्याने धुवावे, तेल लावून बसू नये.

सोडून दिलेल्या खड्ड्यांत पावसाळ्यानंतर पोरे पोहायला जातात. कडा उभ्या, तळ दिसत नाही, बाहेर यायला पायरी नाही. काटेरी कुंपण घालून घेणे मालकाचे काम, पण तोवर गावाने बाभळीचे फास तरी टाकावेत. डासांसाठी त्या पाण्यात गप्पी मासे सोडावेत. आरोग्य केंद्रात विचारल्यास मिळतात.

तुरीवरच्या धुळीचा प्रश्न मळखेड-सेडमकडून पुष्कळदा येतो. फुलोऱ्याच्या दिवसांत दव पडते, त्यात सिमेंटची धूळ बसली की पानांवर पापुद्रा धरतो. वाऱ्याच्या बाजूच्या बांधावर कडुलिंब, करंज, बांबू दाट लावल्यास काही धूळ तेथेच अडते. पण झाडे मोठी होईतो वर्षे जातात, आणि खरा उपाय चिमणीतली धूळ रोखण्यात व कच्च्या रस्त्यावर पाणी मारण्यात आहे. त्याची लेखी तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे फोटो व तारखेसह करावी.

आमच्या त्या बांधवांनी अजून सही केलेली नाही. ठेकेदाराला त्यांनी पाच अटी लिहून दिल्या. तीन त्याने मान्य केल्या, खोली व भराव यांवर बोलणे अडले आहे. लग्नासाठी पतसंस्थेकडून काही कर्ज मिळते का, ते आम्ही मिळून पाहात आहोत. गेल्या रविवारी आम्ही त्यांच्या विहिरीवर गेलो. दोरी सोडली, पाणी काठापासून चौदा हातांवर लागले. धाकट्या मुलाने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आणि खाली तारीख घातली.